नंबर नको, सही घ्या

आठल्येकाका स्वतःच्या चपलांवरसुद्धा सही करायचे. आतल्या बाजूने, टाचेपाशी, बॉलपेनने. देवळाबाहेर चप्पल चोरीला गेली तर ओळख पटवायला बरं, असं त्यांचं म्हणणं. चोर ओळख पटवायला कशाला थांबेल, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सही दिसली की माणूस दचकतो."

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीतून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. सही मोठी झोकदार. तीन वळसे घेऊन खाली उतरायची आणि तळाशी दोन टिंबं. सोसायटीच्या मीटिंगचं हजेरीपत्रक त्यांच्या हातून आलं, की पुढच्या दोन सभासदांना जागाच उरायची नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती एक मीनल लग्न होऊन फ्रान्समधल्या एका छोट्या गावात राहत होती. ती दर पत्रात बोलवायची आणि काका दर पत्रात गुडघ्यांचं कारण सांगायचे. एक दिवस गुडघे अचानक बरे झाले. पासपोर्ट निघाला, व्हिसा लागला, आणि बँकेने परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड दिलं. त्याच्या पाठीवरची सहीची पट्टी बघून काका नाराज झाले. टिंबं मावेनात. आठवडाभर रफ वहीत छोटी सही घोटली, मगच कार्डाला पेन लावलं.

चार दिवसांनी कुरिअरने बंद पाकीट आलं. आत पिन नंबर, वर 'कोणालाही सांगू नये' अशी सूचना. काकांनी कुरिअरच्या कागदावर ऐटीत सही केली आणि पाकीट न उघडताच बँकेला परत धाडलं. सोबत चिठ्ठी: 'नंबर नको. सही पुरेशी आहे.' तिकडे लागेल हो, म्हणून मी खूप समजावलं.

"नंबर कैद्याला असतो," काका म्हणाले. "माणसाला सही असते."

मीनलला त्यांनी बजावून लिहिलं, की न्यायला कोणी यायचं नाही. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस गाडी बदलून घरी येऊ शकतो.

दोन महिन्यांनी परत आले आणि दुसऱ्याच दिवशी मला चहाला बोलावून सगळी हकिकत सांगितली. पॅरिसहून पुढचं तिकीट मीनलने आधीच पाठवलं होतं. शेवटच्या तासाभराच्या प्रवासाचं तेवढं मधल्या स्टेशनात काढायचं होतं. रविवार होता. तिकीटखिडकी बंद, शेजारी एक यंत्र. काकांनी कार्ड घातलं, यंत्राने चार आकडे मागितले. काकांनी कार्ड बाहेर काढलं, उलटं केलं आणि पाठीमागची सही यंत्राच्या काचेसमोर धरली. यंत्र बधलं नाही. मग त्यांनी पेन काढलं आणि मागच्या म्हाताऱ्या बाईंना खुणेने विचारलं, सही कुठे करू? बाईंना वाटलं, हिंदुस्थानातले कोणी मोठे कलाकार आहेत. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र पुढे केलं. काकांनी सही दिली. टिंबांसकट.

जवळ ट्रॅव्हलर्स चेक होते, पण वटवायला बँक उघडी नव्हती. शेवटी त्याच बाईंनी आपल्या फोनकार्डावर मीनलला फोन लावून दिला.

मी हसत होतो. म्हटलं, काका, चार आकडे पाठ केले असते तर वेळेवर घरी पोचला असता. काकाही हसले. मग कपातल्या चहावरची साय चमच्याने बाजूला करत राहिले.

"मीनल फोनवर म्हणाली, बाबा, घाबरू नका, तिथेच बसा, मी गाडी घेऊन येते. मग तिला आठवलं, रविवारी खिडकी दुपारी उघडते. म्हणाली, जरा बघा, खिडकी उघडली का? तिथे सही चालते."

"मग?"

"माझ्या डोळ्यांसमोर खिडकीचं शटर वर जात होतं." काकांनी चमचा बशीत ठेवला. "मी म्हटलं, बंद आहे."

मी माझा कप खाली ठेवला.

"दीड तास बाकावर बसलो. समोरून तिच्या गावच्या दोन गाड्या गेल्या. थंडीही होती. पण कोणीतरी आपल्याला न्यायला घरून निघालंय, हे माहीत असलं ना, की बसायला फार बरं वाटतं रे. मग ती आली, धावतच. स्वेटर बॅगेत कशाला ठेवलाय म्हणून भर स्टेशनात ओरडली. अगदी तुझ्या काकूसारखी."

चहा पार निवला होता. काकांनी तो तसाच पिऊन टाकला.

"खिडकीचं तिला सांगू नकोस," ते म्हणाले.