तीन कुलपांची बीएस्सी

माझ्या प्लॅनमध्ये चूक काढणारा माणूस भिलाईत अजून जन्मायचा आहे! हे मी मोनाला सांगितलं होतं. ती माझी धाकटी बहीण असल्यामुळे अजून ते विसरलेली नाही.

प्लॅन असा: फिजिक्समध्ये बीएस्सी! आमच्याकडे बारावीत गणित घेतलेल्या मुलानं इंजिनिअरिंगचं कोचिंग न लावणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून घरचा डबा उघडणं. पण मी ठरवलं. सुपेल्याच्या बाजारातून स्केचपेन आणले आणि दाराएवढ्या कागदावर आठ सेमिस्टर मांडली. मेकॅनिक्स निळं, ऑप्टिक्स हिरवं, क्वांटम जांभळं. सहाव्या सेमिस्टरला एक शोध लावायचा होता. कशाचा, ते मोकळं ठेवलं होतं. पहिल्या रकान्यात एवढंच: 'सोमवार, ओरिजिनल कागदपत्रांची तपासणी, दुपारी दोनपर्यंत. न आल्यास सीट पुढच्याला.'

तो रकाना इतका सोपा होता की मी त्याला रंगही दिला नाही.

आमचे पप्पा, देवराव, तीस वर्षं स्टील प्लांटच्या मेंटेनन्समध्ये. मला वाटलं, भट्टीसारखे तापतील. पण त्यांनी चष्मा लावून चार्ट पाहिला आणि त्यांचे डोळे चक्क पाणावले!

"भट्टी दुरुस्तीले बंद ठेवतो ना, त्या शटडाऊनचा प्लॅन असाच असते," ते आईला म्हणाले. "पण पियूष, यात रिस्पॉन्सिबल पर्सन कोन हाय?"

"मी."

"अन् स्टँडबाय?"

"तो कावून?"

"एक मोटर जळाली का दुसरी चालू करा लागते. तू जळला तं?"

आणि स्टँडबाय म्हणून त्यांनी मोनाचं नाव लिहून टाकलं!

"मले फिजिक्स नाही आवडत!" मोना किंचाळली.

"स्टँडबायले विचारत नसतात."

रविवारी शेजारचे गुलाबकाका आले. ते प्लांटात सेफ्टीला. चहाची बशीसुद्धा दोन्ही हातांनी धरतात. त्यांनी माझी मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला एकेक करून तपासला आणि दचकले.

"एवढे ओरिजिनल अन् असे उघडे? देवराव, लॉक नाही लावलं?"

प्लांटचा नियम असा की मशीन दुरुस्तीला घेतलं, की काम करणारा प्रत्येक जण मेन स्विचला आपापलं कुलूप लावतो. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. सगळी कुलपं निघेपर्यंत मशीन चालू होत नाही. आणि दुसऱ्याचं कुलूप तोडणं हा खुनाच्या जरासाच खालचा गुन्हा!

आईची लोखंडी पेटी आली. कागद फाइलसकट आत गेले. रिस्पॉन्सिबल पर्सन म्हणून पहिलं कुलूप माझं. दाबलं की लागणारं, पावर हाउस भागातल्या बाजारातलं. मग पप्पांचं. कागद तपासले म्हणून तिसरं काकांचं.

"आता पेटीच्या बापालेबी उघडत नाही!" काका खूश होऊन म्हणाले.

सोमवारी सकाळी दहाला पप्पांनी आपलं कुलूप काढलं. गुलाबकाका मात्र पहाटेच शिफ्टला गेले होते. किल्लीसकट!

मी हातोडी उचलली.

"खबरदार!" पप्पा गरजले. "सस्पेंड होशीन!"

"पप्पा, मी कॉलेजले चाललो, ड्युटीवर नाही! अन् पेटी आपली हाय!"

"पेटी आपली हाय. कुलूप त्याचं हाय."

"पेटी माह्या माहेरची हाय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

शेवटी काकांसाठी प्लांटच्या गेटवर निरोप ठेवला आणि मरोद्याच्या आमच्या घरून अख्खी पेटी ऑटोत घालून आम्ही कॉलेज गाठलं.

"हॉस्टल पीछे है," गार्ड म्हणाला.

खिडकीतल्या क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "ओरिजिनल?"

"अंदर हैं, सर."

"तो निकालिए."

"निकाल नहीं सकते."

क्लार्कनं पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पंख्याकडे.

"सेफ्टी का मामला है," पप्पांनी खालच्या आवाजात खुलासा केला. लाइनीतली सगळी पोरं चार पावलं मागे सरकली.

एक वाजून पन्नास मिनिटांनी गुलाबकाका धावत आले. डोक्यावर प्लांटचं हेल्मेट, हातात किल्ली! खट्! कुलूप निघालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. क्लार्कनंही पेनाचं टोपण काढलं.

"काढ आता तुह्यं," पप्पा म्हणाले.

मी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग तिसऱ्या, जो त्या पँटला नव्हताच.

इथे तुम्हाला एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. किल्ली हरवू नये म्हणून मी ती रविवारीच सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली होती. मार्कशीटच्या फाइलमध्ये.

"माह्यं कुलूप हाय, मीच तोडतो!" म्हणून मी आवारातली एक वीट आणली.

"आपलं कुलूप आपण तोडू शकतो का, गुलाब?" पप्पांनी विचारलं.

"शकतो. पण फॉर्म भरा लागते. दोन साक्षीदार."

दोघं कागद शोधायला लागले. मी घाव घातला. वीट फुटली! दोन वाजता खिडकी बंद झाली आणि माझी सीट पुढच्याला गेली. तो सकाळपासून माझ्या मागेच उभा होता. पेटी धरायला त्यानंच मदत केली होती.

चार्ट अजून भिंतीवर आहे. पहिल्या रकान्यात पप्पांनी लाल पेनानं, प्लांटच्या पद्धतीनं नोंद केली आहे: 'डिले, एक वर्ष. कारण, रिस्पॉन्सिबल पर्सन.'

त्याखाली मोनाचं अक्षर आहे: 'मोटर जळाली. स्टँडबाय पळाली.'