निघताना कोण काय म्हणालं?

“पाच वर्षांनी कुठं आसशील, ह्ये काय इचारणं झालं? सांजच्याला वडूजची एसटी घावंल का, ह्येच त्याला ठावं न्हाई.”

वडूजचा मुलगा नुकताच मुलाखत देऊन बाहेर गेला होता. जगदाळे काका छताकडे बघत बोलले, म्हणजे मला. कारखान्याच्या भरतीचं काम माझ्याकडे, त्यामुळे प्रश्न माझा होता. छापील यादीतला, इंग्रजीचं मनातल्या मनात मराठी करून विचारलेला. सकाळपासून चौदा जणांना.

काका आमच्या लोणंदच्या कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेस मशिनवरचे फोरमन. फौजेतून आलेले. मुलाखतीला मिशी विंचरून बसतात आणि प्रत्येकाला एकच विचारतात, “घरातनं निघताना कोण काय म्हणालं?”

एक जण म्हणाला, “टीमवर्क, सर.”

“लिवा मॅडम. फेल.”

जतच्या एकाला आईनं उन्हात फिरू नको म्हणून बजावलं होतं. तो काठावर पास. एकाला बायकोनं येताना कोथिंबीर आणायला सांगितली होती. काकांनी उठून त्याचा हात हातात घेतला. तो गेल्यावर मला म्हणाले, “ह्यो मशिनीत हात घालायचा न्हाई. त्याला जुडी घिऊन घरी जायाचं हाय.”

मला हसू यायचं. पण काकांच्या खात्यात आजवर कुणाचं बोट गेलेलं नाही, हेही दर महिन्याच्या अहवालात मीच लिहिते.

त्या दिवशी शेवटचं नाव काकांचंच होतं. निवृत्तीचं वय झालेलं. मुदतवाढ द्यायची की नाही, हे माझ्या शेऱ्यावर होतं. मॅनेजर साहेब यादी माझ्यापुढे सरकवून चहाला गेले. काका उठून समोरच्या खुर्चीत जाऊन बसले, टोपी मांडीवर.

पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल? ते मला वाचवेना. मी दमलेही होते. तोंडातून त्यांचाच प्रश्न गेला.

काकांनी मिशीवरून बोट फिरवलं.

“कुलूप म्हणालं. खट्.” मग म्हणाले, “मंडळी होती तवर लय बोलायची. डबा घेतला का, मफलर घेतला का. मी म्हणायचो, गप की गं.” टोपी सरळ केली. “लिवा मॅडम. फेल.”

मी ‘मुदतवाढ द्यावी’ लिहिलं, सही केली आणि कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला, उठले. ते दाराशी पोचले तेव्हा मी म्हणाले,

“सावकाश जा, काका. आणि उद्या येताना कोथिंबीर आणा.”