निविदासाहेबांचा चारचाकी गाडा

"हातगाडी निवडणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे!" असं निविदासाहेबांनी जाहीर केलं, आणि त्याच क्षणी बायकोच्या गुलाबांचे दिवस भरले.

निविदासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नाही. तीस वर्षं एका कारखान्याच्या खरेदी खात्यात बसून त्यांनी झाडू, खिळे आणि खुर्च्या घेतल्या. घेतल्या त्याही अशा थाटात, की खुर्ची येईपर्यंत बसणारा निवृत्त व्हायचा. तिथल्या लोकांनी वैतागून त्यांना हे नाव ठेवलं, आणि साहेबांना तो गौरव वाटला. असल्या माणसाला काय बोलणार!

बायको शाळेत शिक्षिका होती. तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं वाढवून झाल्यावर तिला आता फक्त गुलाब वाढवायचे होते. नव्या घराच्या गच्चीवर वर्षभर खपून तिनं चाळीस कलमं बांधली होती. एकेका कलमाला रोज सकाळी बघायची, त्याच्याशी बोलायचीसुद्धा. साहेबांशी बोलण्यापेक्षा ते बरं, असं तिच्या मदतीला येणाऱ्या माळीबुवांचं मत होतं.

कलमं लावायची होती मागच्या अंगणात. आणि ट्रकभर माती येऊन पडली होती पुढच्या फाटकाशी. मागे जायला घर आणि कुंपणाच्या भिंतीमधला अरुंद बोळ. दुसरी वाट घरातून, दिवाणखान्यातून. पण दिवाणखान्यात पांढऱ्याशुभ्र फरश्या होत्या. साहेबांनी त्या सात महिने खपून निवडल्या होत्या आणि ते आल्यागेल्याला दारातच तळवे दाखवायला लावत. तिथून माती? नाव काढायचं नाही!

"साहेब, दोन घमेली द्या," माळीबुवा म्हणाले. "मी आणि बाई मिळून दोन दिवसांत उचलतो."

"घमेली!" साहेबांनी नाक असं मुरडलं की चष्मा घसरला. "बुवा, जग कुठं चाललंय!"

"जग जाऊ द्या, माती न्यायचीय."

झालं! साहेबांनी वही काढली. त्यात तक्ता आखला. मग तीन आठवडे दुकानं पालथी घातली. एका चाकाची ढकलगाडी पाहिली. "एका चाकावर काय उभं राहतं हो?" म्हणून नापास. दोन चाकांची पाहिली, तिला पुढे झुकायची खोड म्हणून नापास. प्लास्टिकची बोटानं वाजवून पाहिली. "आवाज पोकळ आहे," साहेब म्हणाले.

"रिकामी आहे ना साहेब," दुकानदार म्हणाला.

"मग भरून दाखवा!"

दुकानात माती कुठून येणार? साहेब स्वतःच गाडीत बसले. मांडीवर वही, हातात पेन. दुकानदारानं त्यांना रंगाच्या डब्यांमधून पार मागच्या भिंतीपर्यंत ढकलत नेलं आणि वळवून परत आणलं. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं काम सोडून बघत होती. "वळताना ओझं डावीकडे कलतं," साहेबांनी आत बसूनच नोंद केली. ओझ्याला स्वतःबद्दल इतकी खात्री मी तरी आजवर पाहिलेली नाही!

शेवटी पास झाला तो चार चाकांचा लोखंडी गाडा. रुंद, जाडजूड, म्हशीसारखा. तो बोळात मावतो का, हे साहेबांनी टेप लावून तीनदा तपासलं. बोळ चौतीस इंच, गाडा बत्तीस. "दोन इंच शिल्लक!" असं ते बायकोला अशा आवाजात म्हणाले, जणू ते दोन इंच त्यांनी स्वतः कमावले होते. मोजलं मात्र बोळाच्या दोन टोकांना. कारण तक्त्यात 'सुरुवात' आणि 'शेवट' असे दोनच रकाने होते.

"रविवारी सकाळी नऊला गाडा चालू," साहेबांनी फर्मान काढलं. "कलमं पिशव्यांतून सोडवून तयार ठेवा. दुपारपर्यंत लावून मोकळं!"

बायकोनं विश्वास ठेवला. चुकलंच तिचं! रविवारी तिनं आणि बुवांनी चाळीसच्या चाळीस कलमं पिशव्यांतून सोडवली, मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि मागच्या अंगणात ओळीनं मांडली.

"बाई, संध्याकाळच्या आत मातीत गेली पाहिजेत," बुवा म्हणाले. "नाहीतर सरपण."

गाडा सुट्या भागांत, खोक्यातून आला. पुढे मातीचा ढीग, जोडायला जागा नाही. बुवांनी खोकं डोक्यावर घेतलं आणि बोळातून मागे नेऊन ठेवलं. त्या वजनाची माती त्यांनी तशीच डोक्यावरून नेली असती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. साहेबांना चेहरे वाचायची सवय नव्हती.

नऊचे अकरा वाजले. साहेबांनी प्रत्येक नटाला तो जन्मात सुटू नये असा गोंद लावला. "खडखड नको," म्हणाले. मग दांडा धरला आणि रिकामा गाडा पुढच्या मातीकडे ओढत, पाठमोरे चालत, बोळात शिरले. सुरुवात उत्तम झाली. साहेब हसतसुद्धा होते.

मधोमध गाडा थांबला.

तिथं भिंतीतून बाहेर आलेला सांडपाण्याचा पाइप होता, वरच्या भाडेकरूंच्या न्हाणीघराचा. चार इंच जाड. त्याच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता!

"ढकला, बुवा!" साहेब पुढून ओरडले. बुवांनी ढकललं. गाडा पाइप आणि कुंपणाच्या मध्ये असा रुतून बसला, की बाटलीला बूच बरं.

"आता मागे ओढा!"

"येत नाही, साहेब."

"नट सोडवा!"

"तुम्ही गोंद लावलाय, साहेब."

पलीकडून बायकोचा आवाज आला. "अहो, पानं माना टाकायला लागलीत. बोळ तरी मोकळा करा, आम्ही घमेल्यांनी नेतो!"

आता साहेबांना घाम फुटला. बोळच बंद! गाडा येईना, बुवा येईनात, माती जाईना. त्यांनी घरातून हातोडी आणली आणि पाइप जरा आत सरकवावा म्हणून एक ठोका दिला. पाइप सरकला नाही. फुटला. आणि वरचे भाडेकरू नेमके रविवारची निवांत आंघोळ करत होते, गाणं म्हणत. साबणाचं कोमट पाणी साहेबांच्या टकलावर धो धो पडलं.

"पाणी बंद करा!" साहेब किंचाळले.

"काय म्हणताय? गरम पाणी हवंय?" वरून प्रेमानं विचारणा झाली, आणि आणखी दोन बादल्या आल्या.

पाणी उताराला लागलं ते थेट मातीच्या ढिगाकडे. ट्रकभर लाल मातीच्या खालच्या निम्म्या भागाचा चिखल झाला.

एक वाजला. बायको मागच्या दारानं घरात आली आणि पुढच्या दारात उभी राहिली. हातात शेजारून मागून आणलेली दोन घमेली. मागे बुवा, बोळातल्या चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेले.

"अगं, फरश्या..." साहेब म्हणाले.

"एक वर्ष!" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एक वर्ष मी ती कलमं जपली. तुमच्या वहीत त्यांचा रकाना होता का हो? वर्षभरात एकदा तरी गच्चीवर येऊन त्यांच्याकडे बघितलंत?"

वही त्यांच्या खिशात भिजून लगदा झाली होती. खरं सांगायचं तर त्यांना पहिल्यांदाच लाज वाटली, आणि ती चांगली तासभर टिकली.

मग दिवाणखान्यातून माती निघाली. घमेल्यामागून घमेलं. पांढऱ्या फरश्यांवर आधी पावलं उमटली, मग पावलांवर पावलं, मग फरश्या दिसेनाशाच झाल्या. बुवांनी साहेबांना तळवे दाखवायला पाय उचललासुद्धा, पण बाईंनी डोळे वटारले. दिवस मावळायच्या आत चाळीसपैकी सदतीस कलमं मातीत उभी होती. तीन गेली. त्या तिन्हींकडे बायको बराच वेळ बघत बसली.

नंतर तिनं साहेबांच्या हातात बादली आणि फरशी पुसायचा पोछा दिला.

साहेबांनी पोछा उलटासुलटा करून पाहिला. दांडा हातानं मापला. घसा खाकरला.

"हा दांडा जरा आखूड आहे. बाजारात दोन-तीन प्रकार बघून मग..."

बायकोनं मान वळवून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

दांडा जागच्या जागी पुरेसा लांब झाला.