नारळाआधीची धाव

यात्रेतील घोड्यांची अंतिम शर्यत दुपारी दोन वाजता सुरू होईल, असे यात्रा समितीने जाहीर केले होते. त्याप्रमाणे दोन वाजता सत्कार सुरू झाले.

भीमेकाठच्या माळावर फळी मारून, जमीन सपाट करून धावपट्टी केली होती. अंतिम फेरीत दोनच घोडे उरले होते. एक समितीचे अध्यक्ष जयसिंगराव यांचा ‘सरकार’ आणि दुसरी निमोण्याच्या लालमहंमद यांची ‘शबनम’. जिंकेल त्या घोड्याला संध्याकाळी पालखीपुढे चालण्याचा मान मिळणार होता. हा मान लालमहंमद यांच्या घरात आजोबांपासून होता. जयसिंगराव अध्यक्ष झाल्यापासून तो त्यांच्या तबेल्यात गेला होता. शबनमचे वय झाले होते. ती आता दिवसातून एकदाच जीव तोडून पळे, आणि हा तिचा शेवटचा उन्हाळा होता.

प्रथम मंडप देणाऱ्यांचा सत्कार झाला, मग पाण्याचा टँकर देणाऱ्यांचा, मग टँकरला वाट देणाऱ्यांचा. सत्कार झालेल्या माणसाला पुन्हा प्रेक्षकांत पाठवणे हा अपमान असल्याने प्रत्येकाला व्यासपीठावर बसवण्यात आले. व्यासपीठ भरल्यावर सोफे धावपट्टीवर मांडले गेले.

“अब्बा, पट्टी आखूड व्हायला लागली,” शबनमवर मांड ठोकून बसलेला लालमहंमद यांचा मुलगा इरशाद म्हणाला.

“गप बस. तेवढंच कमी पळावं लागंल तिला.”

ज्यांचा सत्कार झाला नाही ते रुसले. रुसलेल्यांची समजूत काढण्यासाठी त्यांचाही सत्कार करण्यात आला. मग समजूत काढणाऱ्यांचा. चारच्या सुमारास माळावर एकही प्रेक्षक शिल्लक राहिला नाही. सगळे प्रमुख पाहुणे होते. सगळ्यांच्या डोक्यावर फेटा, भर एप्रिलात खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ.

अखेरीस निवेदक सत्यजीत यांनी दोन्ही घोड्यांना सत्कारासाठी पाचारण केले. सरकारने फेटा शांतपणे बांधून घेतला. इरशादच्या मागे शबनमच्या पाठीवर शाल पडली आणि त्याच क्षणी कोणीतरी उत्साहाने फटाक्यांची लड लावली.

शबनम उधळली. तिच्यामागे सरकार. पाहुण्यांनी सोफ्यावर पाय वर घेतले. शबनमने पहिला सोफा ओलांडला, दुसरा ओलांडला, तिसऱ्यावरच्या जयसिंगराव आप्पांच्या फेट्याला शेपूट घासून ती पुढे गेली. सरकारचा फेटा सुटून पायांत आला. माळ बेभान झाला. शिट्ट्या, आरोळ्या, गुलाल! माणसे एकमेकांच्या गळ्यात पडून नाचली. शबनमने पल्ला गाठला तेव्हा सरकार दोन सोफे मागे होता.

लालमहंमद रडत होते आणि हसत होते. इतक्यात माइकवर जयसिंगराव आले.

“शांत ऱ्हावा! ही शर्यत झालेली न्हाई. नारळ फुटायचा हाय अजून.”

“आप्पा, समद्यांनी डोळ्यांनी बघितलंय की!” लालमहंमद म्हणाले.

“बघितलं आसंल, मामा. पण अधिकृत न्हाई. सत्यजीत, नेम सांग.”

सत्यजीत यांनी खुलासा केला : पळाले तेव्हा घोडे सत्कारमूर्ती होते, आणि सत्कारमूर्तीला स्पर्धक समजता येत नाही. शर्यत पुन्हा होईल.

“ती दुसऱ्यांदा न्हाई पळायची. छाती बघा तिची, कशी उडतीया!”

“मग माघार समजू.”

“आवं, एवढी माणसं साक्षीला हायती!”

जयसिंगराव लोकशाहीवादी होते. ते म्हणाले, “व्हय तर. एका जरी प्रेक्षकानं साक्ष दिली, तर मान तुमचा.”

लालमहंमद यांनी सभोवार पाहिले. सत्यजीत यांनी हळूच आठवण करून दिली, की पाहुण्यांनी यजमानाविरुद्ध बोलणे शिष्टाचारात बसत नाही. ज्यांना साक्ष द्यायची असेल त्यांनी शाल, फेटा आणि नारळ परत करून प्रेक्षक व्हावे.

गर्दीत फक्त एकच हालचाल झाली. प्रत्येकाने शाल घट्ट ओढून घेतली.

संध्याकाळी पालखीपुढे सरकार चालला. लालमहंमद शबनमला घेऊन पायी निमोण्याला निघाले, तेव्हा वाटेत जवळजवळ प्रत्येक पाहुण्याने त्यांना बाजूला घेऊन कानात सांगितले, “मामा, खरं म्हंजी तुमचीच जिकली.”

या प्रकाराबद्दल तीव्र नाराजी व्यक्त झाल्याने समितीने आता एक निर्णय घेतला आहे. अन्यायाची चीड येणाऱ्या सुजाण वाचकांचा पुढील यात्रेत जाहीर सत्कार केला जाईल. फलकावर छापण्यासाठी एक फोटो पाठवायचा आहे. तुमचा कोणता चांगला आला आहे, ते तुम्हाला एव्हाना आठवले असेलच.