गुडमारचा पाला आणि पाहुण्यांचा चहा

मानीबाईंच्या अंगणात रक्तातली साखर तपासायच्या चिमुकल्या यंत्रावर आकडा उमटला होता. सगळे त्या आकड्याकडे पाहत होते आणि एकमेकांकडे पाहायचे टाळत होते. मानीबाईंची साखर वाढली होती. त्यांच्याआधी तांड्याचे प्रमुख गुलाबसिंग नायक यांची वाढली होती, आणि त्यांच्याही आधी तांड्यात ज्याच्या ज्याच्या बोटातून अर्पिताने रक्ताचा थेंब घेतला होता त्या प्रत्येकाची.

"अर्पिता," देवतळे सर बाजेवरून शांतपणे म्हणाले. त्यांचा शांतपणा फार्मसी कॉलेजात कुप्रसिद्ध होता. "गुडमारनं साखर उतरायला पाहिजे होती."

"हो सर."

"आणि ही तर चढते आहे."

"हो सर."

"मग आपण तांड्यात पाला वाटून राह्यलो की पेढे?"

गुडमारच्या या वेलीवर अर्पिताचा जीव जडला होता. कुंपणाला बिलगून वाढणारी, कुणाच्या नजरेत न भरणारी ही वेल. पण तिचे पान चावले की जिभेवरचे सारे गोड काही काळ मावळून जाते. 'गोडाची चव गेली की गोडाची ओढही ओसरेल,' असे तिने प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिले होते आणि ते वाक्य स्वतःलाच कितीदा तरी वाचून दाखवले होते. डॉक्टरांनी दिलेल्या मधुमेहाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या, जोडीला सकाळी पाला चावायचा, एवढीच योजना. पाल्याची जबाबदारी तिची. आरोग्यशिक्षण तिचा सहकारी इंद्रजीत याच्याकडे, कारण हा तांडा त्याचा आणि मानीबाई त्याची सख्खी काकी. पाल्याची वेळही त्यानेच ठरवली होती. "माणूस देव विसरन, पण सकाळचा चहा नाही विसरत," तो म्हणाला होता. "चुलीवर चहा ठेवला का पाला तोंडात!" या युक्तीवर तेव्हा सरांनी त्याची पाठ थोपटली होती.

"सर, अजून थोडे दिवस दिले तर..."

"नाही. लोकांच्या तब्येतीशी खेळ नको. प्रकल्प आजपासून बंद. तू दुसरा विषय घे."

अर्पिताच्या डोळ्यांपुढे अख्खे अंगण धूसर झाले. पण मानीबाईंना निराळाच राग आला.

"आमच्यावर शक घेता का जी? एक दिवस नाही चुकवला पाला. हे पाहा!" त्यांनी टोपलीतली पाने उचलली आणि सगळ्यांदेखत करकर चावली.

सरांचा संशय आता पाल्याकडे वळला. भलत्याच वेलीची पाने तर तोडली नसतील? त्यांनी दोन पाने तोंडात टाकली, डोळे मिटले, जाणकाराच्या गांभीर्याने बराच वेळ चघळली आणि नाइलाजाने निकाल दिला, "अस्सल आहे."

"आता चहा घेतल्याबिगर जाऊ नका," मानीबाई चुलीकडे वळल्या.

"मला बिनसाखरेचा. मलाही हाच आजार आहे."

मानीबाई दचकल्या. पहिल्यांदा दारी आलेल्या पाहुण्याला फिका चहा? तांडा काय म्हणेल? "बरं जी, नावापुरती टाकतो," असे पुटपुटत त्यांनी चहा उकळला, बोटावर थेंब घेऊन चाखला, कपाळाला आठी घातली, पुन्हा चाखला.

सरांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा उजळला. "वा! याला म्हणतात चहा. साखरेचा कणही नाही! आणखी एक कप होईल का?"

दुसरा कपही संपला. मग इंद्रजीतने आपला कप तोंडाला लावला आणि त्याला जोराचा ठसका लागला.

"काकी! चहा हाय का पाक?"

"पाक? अरे, निस्तं पाण्यावानी लागून राह्यला!"

"फिकाच आहे," सरांनीही साक्ष दिली.

अर्पिताने इंद्रजीतकडे पाहिले. मग सरांच्या रिकाम्या कपाकडे. मग, फार हळूहळू, चुलीजवळच्या साखरेच्या डब्याकडे.

"काकी, साखर किती टाकली?" तिने विचारले.

"मले काय मालूम? गोड लागेपर्यंत टाकत गेली, तर लागतच नाही बाप्पा! महिना झाला, दुकानवाला बोगस साखर देऊन राह्यला. सारा तांडा भांडून आला त्याच्यासंग. नायकानं तर दुकानच बदललं. कुठलीबी आणा, मूठमूठ टाका, तरी फिकीच!"

इंद्रजीतने हसू दाबण्यासाठी तोंडावर रुमाल धरला. अर्पिताच्या छातीवरचा दगड मात्र गडगडत दूर गेला होता. पाला निर्दोष होता. यंत्रही निर्दोष होते. चव गेली तरी ओढ गेली नव्हती. ती बिचारी सगळ्या तांड्यातून साखरेचे डबे हुडकत फिरत होती.

"सर," ती धीर करून म्हणाली, "पाला चहाच्या आधी दिला, ही चूक आमची. वेलीची नाही."

सर बराच वेळ कपाच्या तळाशी साचलेला चिकट थर न्याहाळत राहिले.

"पाला चहानंतर," अखेर ते खोल आवाजात म्हणाले. "आणि साखरेचं माप चमच्यानं. जिभेनं नाही."

"म्हणजे सर, प्रकल्प चालू?"

"चालू."

मानीबाईंनी पदराने हात पुसले आणि अगदी मायेने विचारले, "आन सायेब, तुमच्या पोटात दोन कप गेले, त्याचं काय जी?"

सर उठले. चपला पायात सरकवल्या, पँटचे पाय घोट्यावर दुमडले आणि तुरीच्या शेताच्या बांधाने झपाझप चालू लागले.

"सायेब, गाडी इकडं उभी हाय ना!" मानीबाई ओरडल्या.

हात जोरजोराने हलवत सर टेकडीच्या चढाला लागले होते. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही.