भज्यांच्या चौथाईची आणि बंगईच्या तख्ताची हकीगत

श्री ॥ हर्सूल तलावाकाठी नित्य सकाळी फिरणाऱ्या समस्त मंडळींनी चहा पिते समयी फर्माविले की, पुंडलिकनगरचे राजश्री व्यंकटराव गंगापूरकर यांनी बंगईचे गेलेले तख्त परत कैसे मिळविले, मध्ये काय मसलती जाहल्या, कोण फितूर जाहले आणि कोण शेवटपर्यंत पायाशी राहिले, हे साद्यंत लिहून ठेवावे, म्हणजे पुढे ज्यांस ज्यांस पोट सुटेल त्यांस दाखला होईल. आज्ञा शिरसा मान्य करून घडले तैसे लिहिले आहे. पदरचा मीठमसाला घातला नाही. तो व्यंकटरावांनी मोहिमेत पुरेसा खाल्ला होता.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, शहर छत्रपती संभाजीनगर. रावसाहेबांनी वाळूजच्या कारखान्यात उभी हयात सुपरवायझरी केली. तिथे त्यांची भुवई वर गेली की तिन्ही पाळ्यांचे कामगार टोप्या सावरीत. पुढे निवृत्ती जाहली आणि मुलूख आटत आटत दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागली गॅलरी एवढा उरला. कन्या पुण्यास नांदावयास गेली. मग दरबार म्हणावा ऐसा एकच राहिला, तो म्हणजे गॅलरीतील सागवानी बंगई. लग्नाच्या वर्षी घेतलेला तो लाकडी झोपाळा, पितळी साखळ्यांचा. रोज दिवस कलता उजवे अंगास रावसाहेब आणि डावे अंगास त्यांचे कुटुंब प्रमोदिनीबाईसाहेब बसत, चहा होई, फारसे कोणी बोलत नसे, आणि साखळ्या करकरत. रावसाहेबांस या दरबाराहून अधिक काही नको होते. परंतु हे त्यांचे त्यांसही ठाऊक नव्हते.

ऐसे असता अक्षय्य तृतीयेचा सण आला. आमरस उदंड जाहला आणि वाट्या कोणी मोजल्या नाहीत. संध्याकाळी रावसाहेब नेहमीच्या रुबाबाने तख्तावर विराजमान होताच उजवीकडील कडी छतातून निखळली, आणि एकच गर्दी होऊन रावसाहेब फरशीवर, चहा बाईसाहेबांच्या पातळावर आणि शेजारी दारात, ऐसा प्रसंग गुदरला. दुसरे दिवशी वेल्डिंगवाला आला. त्याने कडी बसविली, छताकडे पाहिले, मग रावसाहेबांकडे पाहिले आणि म्हणाला, “साहेब, नव्वदच्या वर माणूस एका अंगाला बसवू नका. स्लॅबचा भरवसा नाय.” रावसाहेबांचे वजन त्या समयी शहाण्णव किलो होते. डॉक्टर गेली पाच वर्षे साखरेचे भय घालून थकले होते, त्यांचे काही चालले नव्हते. वेल्डिंगवाल्याचे एका वाक्यात चालले. बाईसाहेबांचा हुकूम सुटला की, नव्वदचे खाली येईतो रावसाहेबांनी गॅलरीत पाऊल ठेवू नये आणि हॉलमधील प्लास्टिकची खुर्ची हेच आसन समजावे.

मग वनवास सुरू जाहला. रावसाहेब सांजवेळी टीव्हीपुढे बसत, बातम्या लावीत, आणि मागून साखळ्यांची करकर कानी येई. बाईसाहेब एकट्याच तख्तावर झुलत आहेत, आपणावाचून त्यांचे काही अडले नाही, ऐसे मनात येऊन त्यांचा जीव अगदी कासावीस होई. मानी पुरुष, बोलून दाखविले नाही. आवाज मात्र मोठा करीत.

शेवटी मोहिमेचा बेत ठरला. पुण्याहून कन्येने मनगटी बांधावयाचे घड्याळ कुमक म्हणून पाठविले. हे यंत्र किती चाललात आणि किती कॅलरी जाळल्या ते सांगे. कॅलरी म्हणजे अन्नाचे फिरंगी नाणे. तोंडावाटे जमा पडते, हातापायांवाटे खर्च होते, आणि शिल्लक राहते ती पोटावर दिसते. मोहीम पायदळाची, परंतु पुंडलिकनगर ते हर्सूल हा टप्पा स्कुटीवर बसून होई आणि तलावाकाठी पोचल्यावर पायउतार होत. जोडीस फुलंब्रीकडील बागाईतदार काकासाहेब असत. हे गृहस्थ वाटेल ते खात आणि अंगी काही लागत नसे, म्हणून या विषयात त्यांचा शब्द प्रमाण मानीत.

पहिलेच दिवशी तलावाचा फेरा पुरा करून घामाघूम होत्साते रावसाहेबांनी मनगट पाहिले, तो साडेतीनशे कॅलरी जाळल्याची खबर. नजर वर केली, तो समोर कडूबाची टपरी, आणि कढईत मुगाची भजी. रावसाहेब क्षणभर थबकले. तेव्हा काकासाहेबांनी मसलत दिली ती ऐसी: “रावसाहेब, जाळलं तेवढं खायाचं. नाय तर गडी लई वाळतो. नांगर हाकून आलेल्या बैलाला पेंड देतोच की आपण, व्हय का नाय?” या बैलाच्या दाखल्यास रावसाहेबांस उत्तर सुचले नाही. त्यांनी फारसे शोधलेही नाही. जाळलेल्या कॅलरी म्हणजे जिंकलेला मुलूख, आणि जिंकल्या मुलुखाचा वसूल घेणे हा आपला हक्क, ऐसी त्यांनी मनाची खातरजमा करून घेतली आणि एक प्लेट मागविली.

तेथून पुढे रोज फेरा व्हावा आणि रोज वसूल घ्यावा. आज भजी, उद्या कचोरी, गुरुवारी इमरती. आणि हे सारे उरकून रावसाहेब घरी येत ते थकल्या योद्ध्याच्या चेहऱ्याने, दुधीचे सूप मुकाट गिळीत आणि बाईसाहेबांस दया येईल ऐसा एक सुस्कारा टाकीत. रविवारी वजनकाट्यापुढे निवाडा असे. प्रारंभी अर्धा किलो उतरला, तेव्हा खुशाली जाहली. मग काटा जागचा हलेना. मग वर चढला. रावसाहेबांनी फरशीस दोष दिला. काटा मोरीतून स्वयंपाकघरात आणि तेथून देवघरात हलविला, चष्मा काढून ठेवला, बनियन उतरविले. देवांसमक्षही काट्याने इमान सोडले नाही. बाईसाहेब शाळेत गणित शिकवून निवृत्त जाहल्या होत्या. न जुळणाऱ्या हिशेबापुढे गप्प बसणे त्यांस ठाऊक नव्हते, परंतु पुरावा नव्हता.

पुरावा पुण्याहून आला. मनगटावरील यंत्र मोबाईलवाटे सगळे वर्तमान कन्येस कळवीत असे, आणि हे रावसाहेबांस कोणी सांगितले नव्हते. शत्रूचा हेर ते स्वहस्ते बांधून फिरत होते. एके दिवशी कन्येने घाबऱ्या घाबऱ्या फोन केला. “आई, बाबांना दम लागतो का गं? रोज तलावाच्या गेटाजवळ अर्धा अर्धा तास एकाच जागी थांबलेले दिसतात.” बाईसाहेबांनी तिला धीर दिला की, बाबांस काही होत नाही, आता होईल.

दुसरे दिवशी बाईसाहेब रिक्षा करून हर्सुलास दाखल जाहल्या. रावसाहेबांचे हाती गरम भजे, दुसरे मुखात, ऐसे असता गाठ पडली. शेताला पाण्याची पाळी आहे ऐसे बोलून काकासाहेब तत्क्षणी परागंदा जाहले. कडूबाने झारा खाली ठेवला, हात जोडले आणि निमक विसरून सांगितले, “वहिनी, मी साहेबांना लई सांगितलं, एकच प्लेट घ्या म्हणून. आईकतच नायती.” रावसाहेबांनी मुखातले भजे गिळले. त्यास त्या वेळी काहीच चव लागली नाही.

मग स्वयंपाकघरात दरबार भरला. रावसाहेबांनी कैफियत मांडली की, आपण चोरी केली नाही, कमावले ते खाल्ले, यंत्राचा आकडा साक्षीस आहे. बाईसाहेब न रागावता म्हणाल्या, “बरं. मग उद्या ते घड्याळ माझ्या हाताला बांधा.”

येणेप्रमाणे यंत्र बाईसाहेबांच्या मनगटी चढले. त्यांनी कणिक मळली, पोळ्या लाटल्या, करपलेली कढई घासली, आभाळ आले म्हणून गच्चीवरील कपडे आणावयास दोनदा जिने चढल्या. दुपार होण्याआत यंत्र थरथरले आणि त्याने रोषणाई करून मुबारकबाद दिली की, आजचे उद्दिष्ट पार पडले. आकडा पाहता तलावाच्या फेऱ्याहून अधिक. रावसाहेबांचा चेहरा उतरला.

“अगं, पोळ्या लाटणं म्हणजे काय चालणं आहे? हात हलला की ते फसतं,” ऐसे ते बोलून गेले.

“मग तुमच्या हाताला असलं की तेवढं खरं बोलतं का?” बाईसाहेबांनी विचारले. “पुंडलिकनगरपासून हर्सूलपर्यंत स्कुटी खड्ड्यांतून उडते, तेही ते चालण्यात धरत असेल.”

 बाईसाहेबांचा खरा सवाल अजून व्हावयाचा होता. पोळपाट धूत, मान वर न करिता, त्या म्हणाल्या, “आणि यंत्र खरं असेल, तर लग्न झाल्यापासून या ओट्याशी मी जे जाळलं, ते मला कोण परत देणार होतं?”

हे ऐकून रावसाहेबांस कारखाना आठवला. तिथे त्यांनी कोणा कामगाराचा अर्धा तासही बुडू दिला नव्हता. ओव्हरटाइम म्हटला की मॅनेजरशी भांडत. आणि घरचा ओव्हरटाइम कधी नजरेसच पडला नाही. त्यांस फार लाज वाटली. भजी खाताना धरले गेले तेव्हा वाटली त्याहून पुष्कळ अधिक वाटली.

मग तह जाहला. बाईसाहेबांनी निकाल दिला तो ऐसा: यंत्राचा आकडा निम्मा खड्ड्यांचा आणि हातवाऱ्यांचा, तो वजा. उरल्या निम्म्यातला निम्मा वजन उतरावे म्हणून सोडून द्यावा. बाकी राहिली चौथाई. तेवढीच परत खावी, म्हणजे माणूस चिडचिड करीत नाही आणि कडूबाकडे पळत नाही. चौथाईचा वसूल घरीच व्हावा, फुटाणे आणि ज्वारीच्या लाह्या या रूपाने. वर सरदेशमुखी म्हणून इमरती मागू नये. स्कुटी तहात जप्त. रावसाहेबांनी तह मान्य केला आणि आपण होऊन एक कलम वाढविले की, सकाळच्या पोळ्या यापुढे मी लाटीन. बाईसाहेबांस हे खरे वाटले नाही. पहिल्या पोळ्या पाहून तर मुळीच वाटले नाही. नकाशावर न सापडणाऱ्या मुलुखांचे आकार होते. तथापि बाईसाहेबांनी त्या खाल्ल्या, नावे ठेवली आणि लाटणे परत मागितले नाही.

मोहीम पुन्हा चालू जाहली, या खेपेस घराच्या उंबऱ्यापासून पायी. हर्सूल दूर पडे, म्हणून पुंडलिकनगरच्याच गल्ल्या धुंडाळल्या. काकासाहेब एकदा वाटेत भेटले आणि बैलाचा दाखला पुन्हा काढू लागले. त्यांस रावसाहेबांनी सांगितले की, बैल नांगरतो, आपण नुसते फिरतो. काटा हलला. हळू हलला, मध्ये गणपतीत मोदकांनी घात केला, परंतु हलला.

विजयादशमीस सकाळी देवघरात निवाडा जाहला आणि काट्याने नव्वदचे खाली आकडा दाखविला. चष्मा लावून पाहिला, तरी तोच. बाईसाहेबांनी मान डोलविली. संध्याकाळी रावसाहेब नवा सदरा घालून, रिक्षाने हर्सुलास जाऊन कडूबाकडून पुड्यात चार भजी घेऊन, अक्षय्य तृतीयेनंतर प्रथमच गॅलरीत दाखल जाहले. पाहतात तो तख्तावर धुणे. चादरी, टॉवेल, पेटीकोट, आणि धुणेभांडी करणाऱ्या सरूबाई ते गडबडीने गोळा करीत आहेत.

रावसाहेबांनी विचारले की, बाईसाहेब बसतात त्या तख्ताची ही दशा कोणी केली. सरूबाई म्हणाल्या, “बाई कुठं बसत्यात तिच्यावर, साहेब? कडी बसवली तवापासून नाय बसल्या. ह्या इथं उंबऱ्यावर बसून भाजी निवडत्यात. बंगई रिकामीच, म्हणून मी धुणं टाकते.”

“पण करकर तर रोज ऐकू येत होती.”

“वाऱ्यानं हलती ती.”

इतके महिने टीव्हीचा आवाज वाढवून जे सोसले, ते वाऱ्याचे होते. रावसाहेबांनी उंबऱ्याकडे पाहिले. तिथे बाईसाहेब मेथीची जुडी घेऊन बसल्या होत्या. पान खुडीत, जणू सांगण्यासारखे काही नाही ऐशा रीतीने, त्या बोलल्या, “एकाच अंगाला बसलं की तिरकी होते ती.”

 आपट्याचे पान द्यावयाचे ते रावसाहेबांच्या हातातच राहिले. मग त्यांनी मनगटावरील यंत्र सोडून बाईसाहेबांच्या मनगटी बांधले, त्यांस हाताला धरून उठविले, आणि उजवे अंगास आपण, डावे अंगास बाईसाहेब ऐसे उभयता तख्तनशीन जाहले. कडी एकदा कुरकुरली. दोघांनीही छताकडे पाहिले. कडी टिकली.

चार भज्यांची वाटणी तहाबरहुकूम जाहली. चौथाईचे एक रावसाहेबांनी घेतले. बाकी तीन बाईसाहेबांच्या पुढे ठेवून अर्ज केला की, ही ओट्याच्या थकबाकीतील पहिली रक्कम, स्वीकार व्हावा. बाईसाहेबांनी स्वीकार केला आणि एकही परत केले नाही.

येणेप्रमाणे क्रोधीनाम संवत्सरी, आश्विन शुद्ध दशमीस, दिवस मावळते समयी बंगईचे तख्त फत्ते जाहले. माणूस पडला नाही, छत पडले नाही, वजन तेवढे पडले. उभयता चहा निवेपर्यंत झुलत राहिले. यंत्राने ते झोके चालण्यात धरून पुष्कळ कॅलरी जाळल्याची मुबारकबाद दिली. ती त्या दिवशी कोणी पाहिली नाही. लेखनसीमा.