नॉर्वेची तालीम

प्रवास कसा आखावा, हे माझ्याकडून शिकावं! लोक डिसेंबरात माथेरानला जातात. मी ठरवलं, नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला जायचं. तिथे भर हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवतच नाही. दुपारी जरा निळसर उजेड होतो, बस! मग आकाशात हिरवे पडदे हलतात म्हणे. गोरेगावच्या आमच्या बाल्कनीत उभा राहून मी वर्षभर तेच बघत होतो. समोर दिसायची आरेची झाडं, पण मला बर्फ दिसायचा.

अडचण एकच, आई. तिला एकटं ठेवता येत नाही, म्हणजे ती सोबत यायला हो म्हणाली तरच जायचं. बायको, सुलक्षणा, म्हणाली, "नंदू, आईंना एवढा अंधार सोसेल का? सोमवारी बुकिंग आहे. आधी घरी करून बघ ना!"

झकास! रविवारी पहाटेच मी खिडक्यांना काळे कागद चिकटवले, निळा दिवा लावला, एसी सोळावर टाकला. आई अंघोळ करून आली, चहूकडे बघितलं आणि थेट देवाजवळ दिवा लावला.

"आई, सकाळचे सात वाजलेत!"

"थंय असोच उजेड असता मा? मगे ती तिन्हीसांजच! आता निजाचा नाय, केर काढूचो नाय, केस इंचरूचे नाय."

सुलक्षणा हातातला कंगवा खाली ठेवून मोकळ्या केसांनी बसली. मी गोधडी पांघरून शिंकत होतो. साडेदहाला शेजारची दीप्ती वाटी घेऊन आली.

"काकू, विरजणापुरतं दही द्या ना."

"तिन्हीसांजेचं दही द्यायचं नसतं!" सुलक्षणाने आईचाच नियम सांगितला.

दीप्तीने अंधार बघितला, दिवा बघितला, सुलक्षणाचे केस बघितले, माझे शिंकून लाल झालेले डोळे बघितले आणि वाटी तिथेच टाकून पळाली. अर्ध्या तासात सोसायटीचे सेक्रेटरी गुणाजी पांढरा शर्ट घालून चार माणसांसह हजर! माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "आईंना शेवटी फार त्रास झाला का रे?"

"झालो तर!" कोपऱ्यातून आई कडाडली. "ह्या गाढवान एसी लावल्यान!"

गुणाजी दोन माणसांच्या अंगावर कोसळले. वाट लागली! मी सगळ्यांना बसवलं, नॉर्वे समजावून सांगितलं. त्या निळ्या उजेडात आई दिव्याकडे बघत होती.

"गावाक तिन्हीसांज झाली की दिवाबत्ती, गुरां, चूल. हंय मुंबैत नळाचा पाणी. जन्मात एकदाय बसान तिन्हीसांज बघूक गावली नाय." ती माझ्याकडे वळली. "थंय दोन म्हयने आसा मा? मी येतंय."

मला इतका आनंद झाला की रडूच आलं. तेवढ्यात तिने विचारलं, "पण हंय देवाकडे दिवो कोण लावतलो?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नेमका शिंकलो.

"तुका थंडी खंय सोसता! तू हंयच रव."

सोमवारी आई आणि सुलक्षणा, अशी दोन तिकिटं काढली. मीच काढली!

परवा संध्याकाळी सव्वासहाला आईचा व्हिडिओ कॉल आला. तिथे दुपार होती. कानटोपी घालून ती खुर्चीत बसली होती, मागे सगळं निळं निळं, आणि हात चक्क रिकामे. बराच वेळ ती बाहेरच बघत होती. मग म्हणाली, "दिवो लावलंस मा?"

लावला होता हो. दाखवलाही!